मुलाच्या नळाचा भाव कोण ठरवतं?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ असतो. पाण्याच्या बिलाबरोबर त्याला एक कागद आलाय : कंपनीने दर वाढवायला तिथल्या दर ठरवणाऱ्या सरकारी आयोगाकडे अर्ज केला आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर कळवा. तो म्हणतो, ‘आई, हे नुसतं दाखवायला. आतून ठरलेलं असतं.’ पाणी वाचवायला त्यांनी अंगणातलं गवतसुद्धा काढून टाकलं, तरी दर चढतातच. तुम्ही विजेच्या नोकरीत होतात म्हणून विचारते, आयोग खरंच काही बघतो का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, मी २९ वर्षं वीज कंपनीच्या लेखा शाखेत काढली. दरवाढीच्या सुनावणीला साहेबांच्या मागे फायली घेऊन बसायचं काम माझं. ‘ठरलेलं असतं’ असं तेव्हा मीही म्हणायचो. मग एका सुनावणीत एक म्हातारे गृहस्थ कापडी पिशवीतून आमचाच छापील प्रस्ताव काढून उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘हे उपकेंद्र तुम्ही चालू दाखवलंय. ते माझ्या घरासमोर आहे. तिथे अजून बकऱ्या बसतात.’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फायलीकडे. ती रक्कम प्रस्तावातून गेली.

चिरंजीवांनी हेच धरून ठेवावं. दर किती वाढतोय यावर सगळे भांडतात; खरी लढाई असते हिशेबात काय काय धरलंय याची.

हिशेब असा. रोजचा खर्च, घसारा (वाहिन्या-यंत्रं दरवर्षी झिजतात त्याची रक्कम), कर, आणि कंपनीने नळवाहिन्या-पंप-टाक्यांत अडकवलेल्या पैशावर परतावा. एवढं जमवून ग्राहकांवर वाटायचं. समजा दुरुस्तीला १ कोटी लागले, तर ते तेवढेच परत मिळतात, वर दमडी नाही. तेच १ कोटी नव्या वाहिनीत घातले तर पुढची कित्येक वर्षं त्यावर परतावा चालू. म्हणून कंपन्यांना दुरुस्तीपेक्षा नवं बांधकाम गोड लागतं. (आमच्याकडेही लागायचं.) आयोगाने पाहायचं ते हे, की बांधलेलं गरजेचं होतं का, शहाणपणाने बांधलं का, आणि आज वापरात आहे का.

परतावा किती, याचं माप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच घालून दिलंय, तेही ब्लूफील्ड नावाच्या पाणी कंपनीच्याच खटल्यात : तितकीच जोखीम असलेल्या धंद्यात मिळतो तेवढा, सट्ट्यात मिळतो तेवढा नाही.

कॅलिफोर्नियात १०,००० हून अधिक जोडण्या असलेल्या खासगी कंपन्यांना दर तीन वर्षांनी असा अर्ज करावा लागतो. परताव्याचा दर वेगळ्या प्रकरणात ठरतो, तेव्हा ‘नफा कमी करा’ एवढंच या अर्जावर लिहिलं तर ते चुकीच्या खिडकीवर जाईल. अर्ज आला की आयोगातच असलेलं, पण ग्राहकांच्या बाजूने भांडणारं एक स्वतंत्र कार्यालय कंपनीची वही उलटीपालटी करतं. आयोगाच्या न्यायाधीशासमोर साक्षीपुरावे होतात. पुष्कळदा दोन्ही बाजू मध्येच तडजोड करतात. मग निकालाचा मसुदा निघतो, त्यावर म्हणणं मांडायला वेळ मिळतो, आणि शेवटी पाच आयुक्त मत देतात. हे पाचही जण गव्हर्नरने नेमलेले असतात, म्हणजे राजकारण अगदीच नाही असं मी म्हणणार नाही.

पुरवठा शहराच्या पालिकेचा असता तर हा आयोग मध्ये आलाच नसता. तिथे १९९६ साली मतदारांनी केलेला नियम लागतो : सुनावणीच्या ४५ दिवस आधी नोटीस, आणि निम्म्याहून अधिक मालमत्तांकडून लेखी विरोध आला तर वाढ रद्द. निम्मं गाव चिठ्ठ्या लिहायला बसवणं काय असतं, ते आपल्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी गोळा करणाऱ्याला विचारा.

गवताचं दुःख खरं आहे. पाणी कमी विकलं तरी जमिनीखालची वाहिनी आणि कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो. तोच खर्च कमी लिटरांवर वाटला की लिटरचा भाव चढतो.

कात्री फार मोठी चालते अशा भ्रमात मात्र राहू नका. इंग्लंड-वेल्समध्ये कंपन्यांनी २०३० पर्यंत सरासरी ४० टक्के वाढ मागितली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने, म्हणजे आयोगासारख्याच सरकारी संस्थेने, ३६ टक्के दिली, महागाई वेगळी. तरी पाच कंपन्यांनी ‘एवढ्यात भागत नाही’ म्हणून पुढे दाद मागितली.

तेव्हा मुलाला सांगा, कागदावर अर्जाचा क्रमांक असेल, तो घालून लिही. ‘दर परवडत नाही’ हे एका ओळीत, आणि आपल्या गल्लीत कोणती वाहिनी बदलली, कोणती फुटकीच आहे, हे बाकीच्या पानभर.

आता तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. आपल्या जलकरावर असा आयोग नाही; तो नगर निगम, म्हणजे आपली महापालिका, ठरवते. पण नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर, घाट चढून येतं, आणि ते चढवणाऱ्या विजेचा दर भोपाळचा वीज आयोगच ठरवतो. त्याच्या सुनावणीत आपणही बोलू शकतो. हे बिल उतरावं म्हणून निगमने २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे काढले, जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. त्यातून विजेचं बिल किती उतरलं, असा एक साधा अर्ज मी माहितीच्या अधिकारात टाकणार आहे. उत्तर आलं की याच पानावर छापू.