नावं नीट आली तरी रकमा तपासा: मेनफ्रेमवरून एमक्यूने येणाऱ्या डेटाबद्दल

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मेनफ्रेमवरच्या कोबॉल प्रोग्रॅमने एमक्यूवर (एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मेसेज पोचवणाऱ्या आयबीएमच्या सॉफ्टवेअरवर) टाकलेला मेसेज लिनक्सवरच्या जावात घेतला की नावांच्या जागी भलतीच अक्षरं आणि पुढे @@@@ यायचं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पाठवणाऱ्यांना फॉरमॅटमध्ये एमक्यूएसटीआर (म्हणजे 'आत नुसती अक्षरं आहेत') टाकायला लावलं, तुम्ही गेटला, म्हणजे क्यूवरून मेसेज घेणाऱ्या कॉलला, कन्व्हर्ट ('अक्षरसंच बदलून दे') लावलं आणि नावं एकदम स्वच्छ आली. आता काही रेकॉर्डना रकमेवर एक्सेप्शन येतंय, तिथे कॅच करून शून्य टाकायचं आणि सोमवारी लाइव्ह जायचं असा तुमचा बेत आहे. कृपया सोमवारी जाऊ नका. अगदी हेच, ह्याच क्रमाने, मी २०११ मध्ये पुण्यात बसून परदेशातल्या एका विमा कंपनीच्या कामात केलंय आणि ते निस्तरायला पुढचे तीन महिने गेले.

(तेव्हा एमक्यूला वेबस्फिअर एमक्यू म्हणायचे, २०१४ पासून आयबीएम एमक्यू झालं, जुनी मंडळी अजून एमक्यू सिरीजच म्हणतात. नाव काहीही असो, हा प्रकार आजही तसाच होतो.)

क्यू मॅनेजर (मेसेज सांभाळणारा सर्व्हर), चॅनल (दोन क्यू मॅनेजरमधली वाट), १४१४ पोर्ट, परवानग्या हे सगळं तुमचं चालू आहे म्हणून ते सोडून देतो. @@@@ का यायचं तेही तुम्हाला कळलं असेलच, एब्सिडिकमधली (मेनफ्रेमच्या अक्षरसंचातली) स्पेस म्हणजे हेक्स ४०, आणि आस्कीत (लिनक्सकडच्या अक्षरसंचात) ४० म्हणजे @. मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

एमक्यूएसटीआर लिहिलं की तुम्ही क्यू मॅनेजरला सांगता की आतला सगळाच्या सगळा मजकूर अक्षरं आहेत. त्याला तुमचं कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांची मांडणी) माहीत नसतं. कुठला बाइट नावाचा आणि कुठला रकमेचा हे कळायला त्याच्याकडे काही मार्गच नाही, तो आपला अक्षरं बदलायचा तक्ता (टेबल) समोर ठेवून एकेक बाइट बदलत जातो. नावाला हेच हवं असतं. पण रक्कम कॉम्प-३ (कोबॉलचा पॅक्ड आकड्यांचा प्रकार) असेल, आणि मेनफ्रेमवर ती बहुतेक असतेच, तर तिथे अक्षरं नसतात, एका बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं, सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. त्या बाइटांनाही तो अक्षरं समजून बदलतो.

आमचं फील्ड पाच आकडे आणि दोन दशांश असं होतं, म्हणजे चार बाइट. १४.०० ही रक्कम पाठवणाऱ्याकडे अशी असते: ०० ०१ ४० ०सी. आता ह्यातला ४० बघा. टेबलच्या दृष्टीने ती स्पेस आहे, आणि आस्कीतली स्पेस २०. बाकीचे तिन्ही बाइट दोन्हीकडे सारखेच आहेत म्हणून ते जसेच्या तसे राहतात. पलीकडे मिळतं ०० ०१ २० ०सी. हे पूर्ण वैध पॅक्ड आहे, चिन्ह बरोबर आहे, जावाला काहीच खटकत नाही, आणि वाचलं जातं १२.००.

म्हणजे तुम्हाला जे एक्सेप्शन दिसतंय ते खरं तर भाग्य आहे हो. २५.१५ सारख्या रकमेत मधला ५१ बदलून ई९ होतो, तो आकडाच नाही, म्हणून पार्सर ओरडतो आणि तुम्हाला कळतं. १४ चे १२ झाले तर कोणीच ओरडत नाही.

आणि टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्या टेस्ट डेटात रकमा होत्या १, १०, १००, १०००, १००००. कुणीही हाताने डेटा बनवला की असाच बनवतो. १०० म्हणजे ०० १० ०० ०सी. हेक्स ००, ०१, १० आणि ०सी हे चारही बाइट एब्सिडिकमधून आस्कीत जाताना अजिबात बदलत नाहीत! त्यामुळे पाचही रकमा अचूक आल्या, युझरने सही केली, आम्ही लाइव्ह गेलो. जे एक्सेप्शनमध्ये अडकत होतं ते एरर फाइलमधून काढून रोज सकाळी हाताने भरत होतो आणि "थोडा खराब डेटा येतो त्यांच्याकडून" असं मी स्वतः मेलमध्ये लिहिलंय. महिनाअखेरीला ताळा जुळला नाही तेव्हा एकाने १४.०० ची एक फी दाखवली, आमच्याकडे १२.००, आणि तशीच फी शेकडो पॉलिसींवर. खराब डेटा त्यांच्याकडून येत नव्हता, तो मीच खराब करत होतो.

आता खरा वेळ कुठे गेला ते सांगतो. कारण कळल्यावर मला वाटलं सोपं आहे, मेनफ्रेमवर बदल करायला तेव्हा बंदी होती म्हणून मी माझ्या गेटमधून कन्व्हर्ट काढून टाकलं, कच्चे बाइट घेऊन स्वतः वाचू. तरी १४ चे १२ च! दोन दिवस मी माझाच कोड उलटसुलट करत होतो. मग चॅनल सांभाळणाऱ्या टीमला तिकीट टाकलं. उत्तर आलं, चॅनल रनिंग आहे, क्यू डेप्थ शून्य आहे, आमच्या बाजूने काही अडचण नाही, तिकीट बंद. मी पुन्हा उघडलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा बंद. मी विचारत होतो की डेटा वाटेत बदलतो का, आणि ते मला सांगत होते की डेटा पोचला. असं नऊ दिवस चाललं, तोवर रोज नव्या चुकीच्या रकमा पडत होत्या आणि इकडे आमच्या पोरी-पोरं रात्री बसून जुन्या दुरुस्त करत होती. फक्त एक कमांड मारून चॅनलची व्याख्या बघायची होती हो. शेवटी दुसऱ्याच टीममधल्या एका भल्या माणसाने ती बघितली: सेंडर चॅनलवर कन्व्हर्ट 'येस' होतं. डीफॉल्ट 'नो' असतं, पण कधीकाळी कुठल्यातरी दुसऱ्या कामासाठी कुणीतरी बदललेलं. म्हणजे माझ्याकडे पोचायच्या आधीच बाइट बदललेले असायचे.

तेव्हा कोणाच्या तिकिटावर अवलंबून राहू नका, पुरावा स्वतः घ्या. गेट करणारा प्रोग्रॅम बंद ठेवा आणि एएमक्यूएसबीसीजी ह्या सँपलने क्यूवरचा मेसेज नुसता ब्राउझ करा, ते मेसेज काढत नाही आणि हेक्स दाखवतं. (एएमक्यूएसगेट वापरू नका, ते मेसेज क्यूवरून काढून घेतं आणि कन्व्हर्टही करतं, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.) वर डिस्क्रिप्टरमध्ये (मेसेजबद्दलच्या माहितीत) एन्कोडिंग (आकडे कसे मांडलेत त्याचा नंबर) आणि कोडेड कॅरॅक्टर सेट आयडी (अक्षरसंचाचा नंबर) बघा. झेड ओएसवरून, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून, न बदलता आलेला मेसेज असेल तर साधारण ७८५ आणि ५०० दिसेल, निदान कुठलातरी एब्सिडिकचा नंबर. तिथेच लिनक्सकडचे ५४६ आणि ८१९ (लॅटिन-१) किंवा १२०८ (यूटीएफ-८) दिसलं तर तुमच्या आधीच कोणीतरी बदललंय. मला हे माहीत असतं तर नऊ दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं असतं. तो डंप तिकिटाला जोडला की "आमच्या बाजूने अडचण नाही" असं कोणाला लिहिता येत नाही.

उपाय काय, तर माझं स्पष्ट मत, तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असू शकते हे धरून: पाठवणाऱ्यालाच सगळं अक्षरांत पाठवायला लावा. रक्कम डिस्प्लेमध्ये (एका बाइटला एक आकडा), आणि चिन्ह वेगळं, म्हणजे साइन लीडिंग सेपरेट (आकड्यांच्या आधी स्वतंत्र बाइटमध्ये). नुसतं डिस्प्ले करून थांबू नका, नाहीतर चिन्ह शेवटच्या आकड्यावर चढून बसतं आणि ० च्या जागी महिरपी कंस दिसतो. दशांश चिन्ह मेसेजमध्ये नसतं, ते कुठे धरायचं हे लेखी घ्या. असं केलं की एमक्यूएसटीआर खरं ठरतं आणि कन्व्हर्ट कुठेही झालं तरी बिघडत नाही. त्यांच्याकडे एंटरप्राइज कोबॉल ६.१ किंवा पुढचं असेल तर जेसन जनरेट (रेकॉर्ड जेसन मजकुरात लिहून देणारी आज्ञा) आहे, तेही चालेल.

ते ऐकतच नसतील तर दुसरा रस्ता, फॉरमॅट कोरा ठेवायला सांगा, म्हणजे कोणी हात लावणार नाही, आणि जावात कॉपीबुकप्रमाणे एकेक फील्ड वाचा, नावाला एब्सिडिकमधून स्ट्रिंग करा, रकमेला पॅक्ड म्हणूनच वाचा. कंटाळवाणं आहे पण पक्कं आहे. कन्व्हर्जन एक्झिट (कुठले बाइट कसे बदलायचे हे ठरवणारा स्वतःचा कोड) लिहिण्याचाही पर्याय आहे, माझा सल्ला तो नको, लिहिणारा कंपनी सोडून गेला की त्याला हात लावायला कोणी तयार नसतं.

शून्य टाकण्याबद्दल. नका टाकू. रक्कम वाचता आली नाही म्हणजे रक्कम शून्य नाही. मेसेज सिंकपॉइंटमध्ये (म्हणजे कमिट करेपर्यंत परत ठेवता येईल असा) घ्या आणि वाचता आला नाही तर अख्खा मेसेज बॅकआउट क्यूवर (अडलेल्या मेसेजच्या वेगळ्या क्यूवर) ठेवा. नुसतं बॅकआउट केलंत, म्हणजे परत त्याच क्यूवर टाकलात, तर तोच मेसेज परत पुढे येऊन गोल गोल फिरेल आणि मागचे सगळे अडकतील. क्यूवर बॅकआउट थ्रेशोल्ड (किती वेळा परत आला की हलवायचा ती मर्यादा) आणि बॅकआउट क्यूचं नाव लिहिता येतं, पण तुम्ही थेट एमक्यूगेट वापरताय असं दिसतंय, तर ते दोन्ही नुसते लिहून ठेवलेले आकडे आहेत, बॅकआउट काउंट तपासून मेसेज हलवायचं काम तुमच्या कोडचं. जेएमएस (जावाचा मेसेजिंगचा ठरलेला इंटरफेस) वापरलं तर ते स्वतः करतं.

सिंकपॉइंटवरून आठवलं, तो ऑप्शन नेहमी स्पष्ट लिहा. काहीच लिहिलं नाही तर झेड ओएसवर गेट-पुट सिंकपॉइंटच्या आत धरले जातात आणि बाकी सगळीकडे बाहेर. त्यांच्याकडचा नमुना बघून तुम्ही कोड लिहिलात तर तिथे सुरक्षित असलेला मेसेज इथे प्रोग्रॅम पडला की गेला. तसंच वेट इंटरव्हल (गेटने किती थांबायचं) मिलिसेकंदात असतो आणि एक्स्पायरी (मेसेज किती वेळ टिकायचा) सेकंदाच्या दहाव्या भागात, ह्यात आमच्याकडच्या एकाने एक मिनिटाऐवजी शंभर मिनिटं ठेवली होती.

आणि तुमच्या पोस्टमध्ये खाली लिहिलंय की पुढे मराठी नावंही येणार. मग ८१९ पुरणार नाही, १२०८ लागेल, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, 'पाटील' म्हणजे पंधरा. ३० बाइटच्या फील्डमध्ये दहाच चिन्हं बसतील, आणि एका जागी लांबी बदलली की ठरावीक लांबीच्या रेकॉर्डमध्ये मागची सगळी फील्डं सरकतात. ५०० मध्ये तर देवनागरीला जागाच नाही, म्हणजे ती नावं परत मेनफ्रेमकडे पाठवायची असतील तर ते आत्ताच बोलून घ्या.

तूर्तास एवढंच करा, टेस्टमध्ये १४.००, २५.१५, १२३४५.६७ आणि ह्याच तिन्ही उणे करून, अशा सहा रकमा पाठवायला सांगा आणि क्यूवर ब्राउझ करून त्या फील्डचे चार-चार बाइट आणि वरचा कॅरॅक्टर सेट नंबर इथे टाका. नावं, पॉलिसी नंबर खोडून टाका. मी रात्री नऊनंतर बघतो.