डोक्यातून उगवलेला खांब आणि इतर प्रश्न

प्रश्न : आईचा एक फोटो फार छान आलाय पण तिच्या बरोब्बर मागून विजेचा खांब वर गेलाय, अगदी डोक्यातून उगवल्यासारखा. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश फिरवला तर आकाशातला खांब गेला, केसांजवळ मात्र काळपट डाग पसरतोय. चार वेळा केलं तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : तो काळपट डाग आईच्या केसांचाच रंग आहे. हीलिंग ब्रश जिथून उचलतो तिथला पोत आणतो पण रंग आणि उजेड घेतो तो तुम्ही जिथे फिरवताय त्याच्या आजूबाजूचा, आणि तुमच्या आजूबाजूला आकाश पण आहे आणि काळे केस पण, मग तो दोन्ही कालवून टाकतो. म्हणून कडेला हीलिंग नको, तिथे क्लोन स्टॅम्प घ्या, तो उचललेलं जसंच्या तसं ठेवतो.

मी काय करते सांगते. आधी फोटोच्या वर एक रिकामी लेयर (पारदर्शक कागदासारखा थर) घ्यायची आणि टूलच्या पट्टीत सॅम्पलला 'करंट अँड बिलो' निवडायचं म्हणजे मूळ फोटोला हातच लागत नाही, बिघडलं तर लेयर उडवली की झालं. मग 200 टक्के झूम, लहान ब्रश, आणि ऑल्ट दाबून खांबाच्या अगदी शेजारचं, त्याच उंचीवरचं आकाश उचलायचं. त्याच उंचीवरचं का, तर आकाश वर गडद असतं आणि खाली क्षितिजाकडे फिकट होत जातं, वरचं निळं खाली आणलं की लगेच ठिगळ दिसतं. असं करत खांब केसांपासून दोन ब्रश रुंदीएवढा सुटा झाला की उरलेल्या खांबावर खुशाल हीलिंग फिरवा, आता त्याच्या शेजारी नुसतं आकाशच आहे. (गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पण क्लोन आणि हील दोन्ही आहेत, तिथे ऑल्टच्या जागी कंट्रोल दाबायचं एवढंच.)

आता खरी गंमत पुढे आहे. खांबावर आलेले भुरभुरते केस पण या नादात पुसले जातात आणि डोकं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसायला लागतं. तेव्हा एक-दोन पिक्सेलचा ब्रश घ्या, रंग शेजारच्या केसातूनच उचला, आणि चार-सहा केस हाताने काढा, थोडे वाकडे, थोडे आखूड, सगळे सारखे नकोत. मला खांबापेक्षा या चार केसांना जास्त वेळ लागतो पण फोटो खरा वाटतो तो त्यांच्यामुळेच, इथे घाई करू नका.

प्रश्न : फोनवर बोट फिरवलं की मागचा माणूस गायब होतो, मग हे सगळं शिकायचं कशाला?

उत्तर : फोनवर होत असेल तर फोनवरच करा, मी पण करते. गूगलचं मॅजिक इरेझर 2021 मध्ये पिक्सेल 6 बरोबर आलं, आयफोनवर क्लीन अप 2024 मध्ये आलं, आणि मागे वाळू, गवत, पाणी असं काही असलं तर दोन्ही झकास काम करतात. पण त्या माणसाच्या मागे काय होतं ते फोटोत कुठेच नसतं, सॉफ्टवेअर शेजारचं बघून अंदाजाने भरतं, त्यामुळे मागे रेलिंग, विटा, फरशी असली की घोळ. एकदा झूम करून बघाच, रेलिंगचा आडवा गज एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने थोडा खालून बाहेर येतो, मध्येच कुठेतरी वितळलेला असतो. अशा वेळी आधी गज क्लोन स्टॅम्पने जोडून घ्या आणि मग मधल्या मोकळ्या जागा भरा, एकदम सगळा माणूस उडवायला जाऊ नका. सावली आणि काचेतलं प्रतिबिंब पण काढा, नाहीतर माणूस गेला आणि सावली तिथेच उभी.

गर्दीची जागा असेल तर फोटो काढतानाच ट्रायपॉडवर थोडं थोडं थांबून 15-20 फोटो घ्या. फोटोशॉपमध्ये ते एकावर एक लेयर म्हणून आणा, सगळ्यांचा मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट (सगळ्या लेयरचा एक गठ्ठा) करा आणि स्टॅक मोडला मीडियन द्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळ्या फोटोंतला मधला रंग घेतला जातो, हलणारी माणसं आपोआप जातात आणि मागचं जे दिसतं ते खरंखुरं असतं. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते.

प्रश्न : स्पर्धेला पाठवायच्या फोटोत कडेला कुणाचा तरी पाय आलाय, काढू का?

उत्तर : बातमीच्या किंवा डॉक्युमेंटरी फोटोच्या स्पर्धेत अजिबात नको. 2010 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेने एका विजेत्याचं बक्षीस काढून घेतलं होतं, मागे दिसणारा एक पाय पुसला होता म्हणून. नियम वाचा, क्रॉप चालत असेल तर क्रॉप करा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या फोटोवर गालापासून डोळ्यापर्यंत बुरशीचा डाग होता. फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने (एआयने भरण्याच्या सोयीने) डाग गेला पण घरचे म्हणतात हे बाबा नाही वाटत.

उत्तर : घरच्यांचं ऐका. जनरेटिव्ह फिल डागाखालचा डोळा शोधून आणत नाही, नवीन बनवतं, दिसायला छान पण तो तुमच्या बाबांचा नाही. ती लेयर काढून टाका. गालावर हीलिंग ब्रश एकेक ठिपका करत फिरवा, सुरकुती आली तर तिच्या रेषेतूनच उचला. डोळ्यासाठी त्याच वयातला दुसरा फोटो आहे का बघा, तोंड त्याच बाजूला आणि उजेड त्याच बाजूचा असलेला, त्यातला डोळा मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, हलकेच बसवा. नसेल तर डोळ्यावरचा डाग फक्त फिकट करून सोडून द्या, पुसू नका. आणि मूळ फोटो हातात असेल तर आधी 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) पुन्हा स्कॅन करा, डागाखाली बरंच काही शिल्लक असतं, लहान स्कॅनमध्ये ते दिसत नाही.