महोगनीच्या गिटार बॉडीवर थेट लॅकर मारू का?

किटमधली बॉडी हाताला गुळगुळीत लागते, मग ४०० नंबरचा सँडपेपर फिरवून क्लिअर लॅकर मारू का, असं तुम्ही विचारलंय. नका मारू.

राउटरच्या (लाकूड कोरायच्या मशीनच्या) आडव्या खुणा हाताला लागत नाहीत, पण लॅकर चढलं की चकाकीत नेमक्या त्याच दिसतात. त्या आधीच दिसाव्यात म्हणून खोलीत अंधार करून टॉर्च बॉडीलगत आडवा धरा. मग मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. लाकूड ओलं असेपर्यंत ग्लूचे डाग फिकट दिसतात, तेवढ्यात पेन्सिलीने खूण करा.

आता १२० चा पेपर. खरं काम इथेच होतं. १८० आणि २२० फक्त आधीच्या पेपरच्या रेघा काढतात. पृष्ठभागावर पेन्सिलीने रेघोट्या ओढा, त्या जाईपर्यंत लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. सपाट भागावर पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच वापरा, बोटांनी दाबाल तर खड्डे पडतील. शिंगांच्या (नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या भागांच्या) टोकांना आणि मागच्या स्ट्रॅप बटणाच्या (पट्टा अडकवायच्या बटणाच्या) बाजूला लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात. तिथे डाय (लाकडात मुरणारा रंग) जास्त शोषला जाऊन काळपट दिसतो, म्हणून तेवढा भाग ३२० पर्यंत न्या.

चेपलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. तंतू नुसते दबले असतील तर फुगून वर येतात, तुटले असतील तर खड्डा भरायच्या फिलरला पर्याय नाही.

मेपल किंवा अल्डर असतं तर इथेच थांबलो असतो. महोगनीची छिद्रं मात्र भरावीच लागतात, नाहीतर लॅकर सुकत जातं तसं त्यांत बसतं आणि काही महिन्यांनी आरशासारखं फिनिश खरबरीत दिसायला लागतं. डाय द्यायचा असेल तर तो आधी, मग सीलरचा (लाकूड बंद करणाऱ्या अस्तराचा) पातळ हात, मग ग्रेन फिलर, म्हणजे छिद्रं भरायची लांबी. फिलर रेषांना आडवा चोळा, जास्तीचा आडवाच पुसा. पूर्ण वाळल्यावर ३२० ने हलकं घासा आणि पुन्हा एकदा भरा. एका हातात भागत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

लॅकर मारण्याआधी नेक पॉकेटला (नेक बसते त्या खाचेला) मास्किंग टेप लावायला विसरू नका. आत लॅकर साचलं की नेक बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर कडेचं लॅकर तडकतं.

लॅकर कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) असेल आणि तुम्ही मुंबई-कोकणात असाल, तर पावसाळ्यात फवारू नका. थिनर उडताना हवेतलं बाष्प पृष्ठभागावर बसून पांढरट झाक येते. थांबणं शक्यच नसेल तर कोरडा दिवस बघून थोडं रिटार्डर (हळू उडणारं) थिनर घाला.