लेथ पाणसळीत, तरी जॉब निमुळता का?

प्रश्न : मी नंदगडचा निवृत्त शिक्षक. वाफेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृती करायला धातू फिरवत कापणारा 40 किलोचा टेबल-लेथ घेतला. फणसाच्या फळीवर चार बोल्टांनी घट्ट आवळलाय. गवंड्याची पाणसळ बरोबर दाखवते, तरी 100 मिमी लांबीत जॉबचं (कापायच्या तुकड्याचं) टेलस्टॉककडचं, म्हणजे लेथच्या उजव्या आधाराकडचं, टोक 0.04 मिमी जाड राहतं. काय चुकतंय?

उत्तर : गुरुजी, लेथ थोडा कलता असला तर चालतो, बेडला, म्हणजे त्याच्या लांब ओतीव पायाला, पीळ मात्र चालत नाही. वाकड्या फळीवर चारही बोल्ट आवळले की ओलं पोतं पिळावं तसा ओतीव बेडही पिळतो, डोळ्याला दिसत नाही इतकंच. गवंड्याच्या पाणसळीला हा फरक कळत नाही. त्याला मीटरला 0.02 मिमी दाखवणारी मास्टर लेव्हल लागते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या टर्नरकडे मागून बघा. ती क्रॉस स्लाइडवर (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागावर) आडवी ठेवून कॅरेज (तो भाग वाहणारी गाडी) चककडून, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याकडून, टेलस्टॉककडे न्या. बुडबुडा हलला, तर बेडला पीळ आहे.

नाहीच मिळाली तरी अडत नाही. 25 मिमीचा बार चकबाहेर 125 मिमी काढा. टेलस्टॉकचं सेंटर (टोकदार आधार) लावू नका. तुम्ही लावला होता का, ते लिहिलं नाहीत, आणि लावला असेल तर दोष टेलस्टॉकचाही असू शकतो. बारचा मधला भाग उतरवून दोन टोकांना दोन कॉलर, म्हणजे जाड पट्टे, ठेवा. धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्हींवर एकच हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर जाड निघाली, तर टेलस्टॉककडचा तुमच्या बाजूचा पाय किंचित उचला, म्हणजे टूल जॉबकडे झुकेल. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिमी असतो, शिम (पायाखाली घालायची पातळ पट्टी) म्हणून छान चालतो. बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या, पुन्हा मोजा. फरक 0.01 च्या आत येईपर्यंत हेच.

मला खरी काळजी त्या फळीची वाटते. खानापूर भागातल्या पावसात लाकूड फुगणारच. शहापुरात माझ्या घरी सागवानी टेबलावर मे महिन्यात नीट बसवलेला लेथ आषाढात निमुळतं कापू लागला. दोष टेबलाचा होता आणि मी दोन रात्री हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल करत बसलो. मूळची जुळणी गेली, ती परत आणायला महिना गेला. तुम्ही हेडस्टॉकला पाना लावू नका. लोखंडी चॅनेलची चौकट वेल्ड करून घ्या, लेथ तिच्यावर बसवा आणि दोन्ही कॉलरची मापं मला कळवा.