सेवा सुटत नाही, प्रार्थना होत नाही

प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत एक तरी बाई अशी असतेच, जिच्यावाचून कुठलाच कार्यक्रम पार पडत नाही. भांडुपच्या या ताई त्यांतल्याच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या आसपास, फोर्टात नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. शिवाय रविवारच्या उपासनेनंतरचा चहा, स्त्री समाजाचा हिशोब, शब्बाथशाळेचा खाऊ आणि बुधवारी इस्पितळातल्या भेटी. सल्ल्यासाठी आल्या तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "प्रार्थनेला बसले की डोळ्यांपुढे कामांची यादी येते. मी मार्थाच राहिले. मरीया कधी होणार?"

मार्थाच्या नावानं बायकांना उगाचच टोचून घ्यायची सवय लागली आहे. पवित्र शास्त्रातल्या लूक १०:३८-४२ मध्ये प्रभू येशू या दोघी बहिणींच्या घरी येतो; मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था पाहुणचारात गुंतते, आणि प्रभू मरीयेची निवड चांगली म्हणतो. पण ते नीट वाचलं तर तो स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. त्याच अध्यायात, या प्रसंगाच्या अगदी आधी, वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधून पदरचे पैसे खर्च करणारा परका शोमरोनी आहे. योहान १२:२ मध्येही मार्था वाढतेच आहे, आणि तिला कोणी थांबवत नाही. प्रभू बोट ठेवतो ते तिच्या काळजीवर आणि दगदगीवर. आणि मार्था काय करते? घरी आलेल्या गुरूलाच सांगते, हिला मला मदत करायला सांगा. त्याचं ऐकायचं सोडून त्याला काम सांगते.

म्हणून अशा वेळी अपराधीपणाच्या मागे राग आहे का, हे आधी विचारावं. ताईंच्या बाबतीत होता. पुढच्या बाकावर डोळे मिटून बसणाऱ्या, एक कप कधी न विसळणाऱ्या एका बाईंवर. हे बोलून झाल्यावरच पुढचं काम सुरू झालं.

पहिल्या भेटीनंतर त्यांना आठवड्याचा तक्ता लिहून आणायला सांगितलं: कोणतं काम, किती वेळ, कोणी सांगितलं. रविवारच्या रकान्यात गंमत निघाली. ८० कपांचा चहा उपासना संपताच हातात पडावा म्हणून ताई उपदेश सुरू झाल्यावर दहा मिनिटांत उठून मागच्या खोलीत जात. एका शेगडीवर मोठं पातेलं उकळायला वेळ लागणारच. म्हणजे पूर्ण उपदेश त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलाच नव्हता, आणि त्याला त्या 'माझं मन लागत नाही' म्हणत होत्या. उपाय साधा निघाला: उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाल्यावर शेगडी पेटवायची आणि चहा २० मिनिटं उशिरा द्यायचा. मंडळीच्या पंचांपैकी दोघे कुरकुरले. कुरकुरू द्यावं.

घरच्या प्रार्थनेसाठी तासाचं बंधन घालून घेऊ नये, ते तिसऱ्या दिवशी मोडतं. १५ मिनिटं पुरतात. जागा स्वयंपाकघराबाहेरची, कारण तिथं कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात. पवित्र शास्त्र छापील. फोनवर वाचलं की व्हॉट्सॲपचे निरोप वर डोकावतात. शेजारी कोरा कागद आणि पेन्सिल. 'गॅसचा नंबर लावायचा' आठवलं की लिहायचं आणि परत यायचं. मनातून ढकलायला गेलं की ते दुप्पट जोरानं येतं. पाच-सहा वचनांचा उतारा हळू आवाजात दोनदा वाचायचा, अडकलेल्या एका शब्दाशी तीन-चार मिनिटं गप्प बसायचं, मग एक-दोन वाक्यांत प्रार्थना. इथं हमखास घोटाळा होतो तो असा: तीन अध्याय 'उरकले' जातात आणि वाचन हेही यादीतलं एक काम होऊन बसतं. लोकलमध्ये करू म्हणणाऱ्यांना बसायला जागा मिळाली की झोप लागते, आणि ती झोपही गरजेचीच असते. १ राजे १९ मध्ये थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाची वाणी ऐकू येण्याआधी दोनदा खाऊ घालून झोपू दिलं आहे.

खरी अडचण याच्या पुढे आहे. पुष्कळ जण प्रार्थनेकडे पुन्हा कामाला जुंपायची ताकद मिळवण्याचं साधन म्हणून बघतात. मार्क १:३२-३८ बघा. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी, पहाटे अंधारातच येशू एकांतात, आणि मागून शिमोन येऊन सांगतो, सगळे तुम्हाला शोधत आहेत. येशू म्हणतो, आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ. दाराशी गरजू लोक असतानाही. म्हणून ताईंना विचारलं: प्रभूचं ऐकण्यामुळे तुम्ही आजवर एखाद्या कामाला नाही म्हणाला आहात का?

त्यावर लगेच उत्तर आलं नाही. दीड-एक महिन्यानं त्यांनी हिशोबाची वही दुसऱ्या बाईंकडे दिली आणि खाऊ पालकांमध्ये पाळीनं वाटून दिला. प्रेषितांची कृत्ये ६ मध्येही पंक्तीच्या कामासाठी सात जण निवडून तेच केलं आहे. चहा मात्र ठेवला, कारण तो आवडतो म्हणाल्या. इस्पितळातल्या भेटीही ठेवल्या, पण प्रत्येक खाटेशी प्रार्थना म्हणून पुढे सरकण्याऐवजी आता दोघांपाशीच बसतात आणि आधी ऐकतात.

सासूबाईंचं काम सोडण्यासारखं नव्हतंच. तिथं सकाळचा तो एक शब्द अंग पुसताना, कूस बदलताना मनात धरायचा असं ठरलं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यामुळे शनिवारची एक रात्र नणंदेनं घ्यावी हेही ठरलं. सलग दोन आठवडे झोप, भूक, उत्साह गेलेला असेल तर मात्र हा प्रार्थनेचा प्रश्न समजू नये. डॉक्टरांना दाखवावं, किंवा १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतून बोलावं. ताईंना त्याची गरज पडली नाही. नणंद दोन शनिवार आली, तिसऱ्याला आली नाही. तो विषय पुढच्या भेटीत आहे.