हात वर की चिठ्ठी? वाचकांचे प्रश्न

मोबाईलवर पैसे पाठवता येतात, मग कायद्यावरचं मतही मोबाईलवरच घ्या की. आमदार-खासदार पोसायचे कशाला? (शहादा)

पोसायचा राग समजतो. पण हो-नाहीच्या मतदानात खरी ताकद असते ती प्रश्न लिहिणाऱ्याकडे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात कौल घेतला, तेव्हा पर्याय दोनच होते: महाराष्ट्रात विलीन व्हा, नाहीतर केंद्रशासित राहा. स्वतंत्र राज्य हा पर्याय कागदावर नव्हताच. ते मिळायला १९८७ उजाडलं. सभागृहात निदान दुरुस्ती सुचवता येते, घासाघीस होते.

स्वित्झर्लंडचं उदाहरण सगळेच देतात. तिथे १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवल्या की संसदेनं केलेला कायदा मतदानाला टाकता येतो. झकास सोय आहे. पण त्याच देशात १९५९ साली पुरुषांनी मत देऊन बायकांचा मताधिकार नाकारला, तो त्यांना १९७१ मध्ये मिळाला. आणि सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. त्यावर राज्यभर मतदान घेतलं असतं, तर त्या ३३ गावांच्या मतांना कोण विचारणार होतं? (आमदारांनीही फार काही वाचवलं नाही, हे कबूल.)

आमच्याकडे ग्रामसभेला कोणी फिरकत नाही. पाच-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी सरपंचाचीच. भाऊ, काय करानं? (अमळनेर)

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदारांचा किंवा १०० जणांचा, यांतला जो कमी असेल तो. तो भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. खरी मेख इथे आहे. पहिल्या सभेला कोणी येऊ नये, यातच काहींची सोय असते. म्हणून गावानं आधी तहकूब सभेची तारीख लक्षात ठेवावी आणि तिला जावं. विषयपत्रिका आधी मागून घ्या, आणि ठराव तिथल्या तिथे वाचून दाखवा म्हणा.

गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचंय. सरपंच म्हणतात, ग्रामसभेत हात वर करा, झालं. (साक्री, महिला वाचक)

ताई, हात वर करून भागत नाही, आणि ते बरंच आहे. कापूस वेचणीची मजुरी ज्याच्याकडून घ्यायची, तो समोर बसलेला असताना त्याच्या भावाच्या दुकानाविरुद्ध हात कोण वर करेल? म्हणून इथे गुप्त मतदान आहे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क खात्याकडे द्यायचा. सह्यांची पडताळणी होते, मग मतदान.

अडचण पुढे आहे. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी आली नाही, तिचं मत जणू उभ्या बाटलीलाच गेलं. तुमच्या भागातल्या किती बायका ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते तुम्हाला माझ्याहून ठाऊक. मंडळी परतल्यावरच मतदानाची तारीख पडेल, अशा बेतानं अर्ज द्या. यादीत मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं असतात, ती आधी कमी करून घ्या, नाहीतर तीही तुमच्या विरोधात मोजली जातील. आणि हातभट्टी या मतदानानं बंद होत नाही. तिची तक्रार वेगळी करावी लागते.

सरपंच आता थेट निवडून येतो. ही थेट लोकशाहीच ना? (पाचोरा)

नाही. तोही प्रतिनिधीच, फक्त निवडणारे बदलले. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. फायदा एवढा की सदस्यांना सहलीला पळवून सरपंचपद मिळवता येत नाही. तोटा म्हणजे सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं असलं की गटारीचा ठरावही पुढे सरकत नाही.