कामगार न्यायालयाने तक्रार फेटाळली, म्हणजे सगळे संपले का?
तुमचा प्रश्न असा आहे की, रबाळे एमआयडीसीतून काढलेल्या कंत्राटी कामगारांची तक्रार ठाण्याच्या कामगार न्यायालयाने फेटाळली, तर कंपनीचे म्हणणे खरे ठरले असे मानायचे का, आणि तक्रारीत ज्यांची नावे नव्हती त्यांनीही नाद सोडायचा का. मी ठाण्यात युनियनचे कोर्टाचे काम पाहतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी नक्कल अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घ्या. शेवटच्या पानावरचे ‘तक्रार फेटाळण्यात येते’ हे वाक्य सगळेच वाचतात, खरा निर्णय मात्र त्याआधीच्या मुद्द्यांच्या उत्तरांत असतो. तारखेला कोणीच हजर नव्हते म्हणून तक्रार निकाली निघाली असेल, तर ती पुन्हा पटलावर घेण्याचा अर्ज करता येतो. मात्र तो लगेच करावा. अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या कायद्यातील ९० दिवसांची मुदत उलटली म्हणून ती फेटाळली असेल, तर विलंबमाफीचे कारण नीट मांडले होते का, हे तपासावे लागते.

तुमच्या बाबतीत मला तिसरी शक्यता अधिक वाटते. कंपनी म्हणते, ‘हे आमचे कामगार नाहीत, कंत्राटदाराचे आहेत.’ सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिप्ला प्रकरणात स्पष्ट केले की, मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल, तर १९७१ च्या कायद्याखालील तक्रार चालत नाही; ते नाते आधी औद्योगिक वादातून सिद्ध करावे लागते. अशा निकालात कामावरून काढणे योग्य होते की अयोग्य, यावर न्यायालय बोललेलेच नसते, आणि तरीही गेटवर मात्र ‘कंपनी जिंकली’ अशीच बातमी पसरते. पुढचा रस्ता समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आणि मालक यांच्यात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली असून बडतर्फीचा वाद नेण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, त्यामुळे तारखा मोजूनच वकिलाकडे जा. पुरावा म्हणून गेटपास, हजेरीची नोंद आणि कंपनीच्या सुपरवायझरने दिलेल्या कामाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

कामावरून काढण्याआधी झालेली चौकशी योग्य होती आणि गैरवर्तन सिद्ध झाले, असा निष्कर्ष असेल, तर मात्र काम कठीण आहे. औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे निकाल पुन्हा तपासण्याची मागणी, करता येतो, पण तिथे साक्षीपुरावा नव्याने होत नाही.

ज्यांची नावे तक्रारीत नव्हती, त्यांचा वैयक्तिक दावा केवळ या निकालाने बुडत नाही. मात्र त्यांची मुदत त्यांना स्वतःला काढल्या दिवसापासून चालू असते, सहकाऱ्याच्या निकालाची वाट पाहण्यात ती थांबत नाही.

थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी हे हक्क तक्रार फेटाळल्याने जात नाहीत. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटीही मागावी. ती जप्त करण्यासाठी कायद्यातले विशिष्ट कारण आणि तसा आदेश लागतो. निकालानंतर ‘फुल अँड फायनल’चा कागद पुढे केला जातो आणि त्यात ‘माझा कोणताही दावा उरलेला नाही’ अशी ओळ असते. पैसे घ्यायचेच असतील, तर सहीशेजारी ‘हरकत राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्या पानाचा फोटो तिथेच काढून घ्या.